सुदर्शनचक्र, फ्रिस्बी आणि फुकटचा अभिमान

१/ दर दोन-तीन महिन्यांनी एक चित्र फिरत फिरत आपल्यापर्यंत येते. डावीकडे श्रीकृष्णाच्या तर्जनीवरील सुदर्शनचक्र, उजवीकडे समुद्रकिनाऱ्यावरील कुणा गोऱ्या मुलाच्या हातातली पिवळी प्लास्टिकची तबकडी, आणि खाली ठरलेले वाक्य : फ्रिस्बी मूळची आपलीच, त्यांनी चोरली. परवा हे चित्र आमच्या मैंदर्गीच्या गटावर आले आणि नववीत शिकणाऱ्या माझ्या मावसभावाने ते प्रकल्पवहीत 'इतिहास' या मथळ्याखाली उतरवून घेतले. म्हणून हा धागा.

२/ वाद श्रद्धेशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सुदर्शनचक्राला देव्हाऱ्यात जे स्थान आहे ते तिथे अबाधित राहो. वाद आहे तो साम्यालाच पुरावा मानण्याशी. गोल आणि गरगर फिरणारे तर जातेही असते, कुंभाराचे चाकही असते. एका वस्तूतून दुसरी निघाली असे म्हणायचे, तर मधली साखळी दाखवावी लागते : ती कोणी पाहिली, कोणी नेली, कोणी घडवली.

३/ गंमत अशी की फ्रिस्बीची साखळी पुरेशी उपलब्ध आहे. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रेड मॉरिसन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आणि त्याची मैत्रीण (पुढे पत्नी) ल्यू मक्याच्या लाह्यांच्या डब्याचे झाकण एकमेकांकडे फेकत होती. झाकण ठेचाळले, मग केक भाजण्याची थाळी हाती आली. सांता मोनिकाच्या वाळूत एकाने ती थाळी पंचवीस सेंट देऊन मागितली. दुकानात ती पाच सेंटला मिळत असे. ऋषी नाही, ग्रंथ नाही, आहे तो वीस सेंटचा नफा.

४/ मग महायुद्ध आले. मॉरिसन वैमानिक झाला, युद्धकैदी झाला, परतला. १९४८ मध्ये वॉरन फ्रान्सिओनी या भागीदाराच्या साह्याने त्याने प्लास्टिकची तबकडी काढली आणि तिला उडत्या तबकडीचेच नाव दिले, कारण त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत आकाशात उडत्या तबकड्या दिसल्याच्या बातम्यांना ऊत आला होता. १९५५ मध्ये सुधारित 'प्लूटो प्लॅटर' आली. १९५७ मध्ये व्हॅम-ओ कंपनीने हक्क घेतले आणि त्याच वर्षी नाव बदलून 'फ्रिस्बी' केले. हे नाव ब्रिजपोर्ट येथील फ्रिस्बी पाय कंपनीच्या पत्र्याच्या थाळ्यांवरून आले. तिकडचे विद्यार्थी त्या रिकाम्या थाळ्या फेकून खेळत असत. पुढे त्याच कंपनीतील एड हेड्रिकने तबकडीच्या पाठीवर वर्तुळाकार रेषा उठवून तिची उड्डाणातील डगमग कमी केली आणि १९६७ मध्ये त्याला पेटंट मिळाले. (२००२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा नव्या तबकड्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. अस्थिविसर्जनाचा असा प्रकार माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.)

५/ आता चक्राकडे वळू. चक्र हे शस्त्र खरोखर होते आणि त्याचा इतिहास या चित्रापेक्षा कितीतरी रोचक आहे. ते पोलादी कडे असते : मध्ये पोकळ, बाहेरची कड धारदार. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज लेखकाने दिल्लीच्या राज्यातील सैनिकांच्या अशा चक्रांचे वर्णन केले आहे. पुढे अकाली-निहंग शीख उंच पगडीवर ती एकावर एक चढवीत. फ्रिस्बीची ठेवण याहून वेगळी आहे : ती भरीव, घुमटाकार आणि जाड, बोथट कडेची आहे, म्हणजे पालथ्या ताटलीसारखी.

६/ पण आकारापेक्षा मोठा भेद हेतूचा आहे. चक्र फेकायचे ते समोरच्याला झेलता येऊ नये म्हणून. फ्रिस्बी फेकायची ती समोरच्याने झेलावी म्हणून. झेलणारा नसेल तर तो खेळच होत नाही. चक्राला फ्रिस्बीचे आजोबा ठरवणाऱ्यांनी एकदा सांगावे, कुरुक्षेत्रावर झेलायला कोण उभे होते?

७/ 'पाहा, ही खास भारतीय खोड,' असे म्हणून हसायला निघालेल्यांनीही जरा थांबावे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या गोतावळ्यात एक दंतकथा सांगितली जाते. १८२० च्या सुमारास इलिहू फ्रिस्बी नावाच्या विद्यार्थ्याने प्रार्थनामंदिरातील दानाची थाळी बाहेर भिरकावली आणि तिथून हा खेळ सुरू झाला म्हणे. पूर्वज शोधण्याची हौस सर्वत्र सारखीच. आपल्याकडे देव सापडतो, त्यांच्याकडे विद्यार्थी.

८/ आणि तुलनाच हवी असेल तर आपल्या भाषेत 'थाळीफेक' हा शब्द आहेच. ग्रीकांच्या खेळासाठी आपण घरातला शब्द वापरला आणि त्यावर मालकी सांगितली नाही. पुरुषांची ती थाळी दोन किलोची, स्त्रियांची एक किलोची. सामन्यात वापरली जाणारी फ्रिस्बी अवघी १७५ ग्रॅमची.

९/ मला खरा राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. या फुकटच्या अभिमानाला कष्ट पडत नाहीत. ज्या खेळांवर आपला हक्क निर्विवाद आहे, त्यांच्यासाठी आपल्या पूर्वजांनी कष्ट उपसले होते. १९१४ मध्ये पुण्यात खो-खोचे नियम बसून लिहिले गेले. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड सिद्ध केले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. यांतले एकही काम चित्र पुढे ढकलून झालेले नाही.

१०/ माझे गाव सीमेवरचे. अक्कलकोट तालुक्यातील या टोकाला एकाच गल्लीत विटीदांडू मराठीत सुरू होतो आणि चिन्नी-दांडू होऊन कन्नडमध्ये संपतो. लगोरी मात्र दोन्ही भाषांत लगोरीच. आम्ही लहानपणी तेलाच्या डब्यांची झाकणे काळ्या रानात फेकत असू आणि पाणी साठले की चपट्या खापऱ्यांच्या भाकऱ्या काढत असू. कुणाच्या किती भाकऱ्या पडल्या, यावरून भांडणे होत. पंच नव्हता. ज्याचा शब्द गल्लीत चालत असे, त्याच्या शपथेवर निकाल लागे. त्या झाकणांच्या खेळाला आमच्यात नावसुद्धा नव्हते, आणि मागच्या पिढीत होते का, हे विचारायचे माझ्या आजोबांच्या हयातीत मला सुचले नाही. इतिहासाची पदवी घेतल्यावर सुचले.

११/ हे आठवण्याचे कारण असे की फ्रिस्बीचा सांघिक खेळ, 'अल्टिमेट', १९६८ मध्ये न्यू जर्सीतील मेपलवुडच्या शाळकरी मुलांनी सुरू केला आणि त्यांनी नियम लिहूनही ठेवले. मैदानावर दोन्हीकडे सात-सात खेळाडू, पंच नाही, चूक कोणाची ते खेळाडूंनीच आपापसांत ठरवायचे. आज तो जगभर खेळला जातो. जागतिक संघटनेला २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली. चेन्नईच्या किनाऱ्यावरील एका संघावर '१७५ ग्रॅम्स' नावाचा लघुपटही निघाला. पंचाविना खेळणे मैंदर्गीच्या पोरांनाही येत होते. मेपलवुडच्या पोरांकडे वही होती, एवढाच फरक.

१२/ तेव्हा या धाग्याखाली सुदर्शनचक्राचे चित्र डकवणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारणार आहे : साखळी कुठे? इतरांना विनंती. तुमच्या गावात झाकण, खापरी, चकती, ताटली, काहीही फेकून खेळत असतील, तर त्या खेळाचे स्थानिक नाव, गाव, तालुका, सांगणाऱ्याचे वय आणि जमल्यास नियम लिहा. कन्नड, उर्दू, तेलुगू नावे असतील तर ती जशीच्या तशी देवनागरीत द्या, भाषांतर करू नका. मावसभावाच्या वहीतले ते पान आम्ही काल फाडले नाही. त्याच्या मागच्या बाजूला आजीला विचारून नोंद सुरू केली आहे. पहिल्या ओळीत आजीचे वय लिहिले आहे : ८१.