पॅराफिनची सोयरीक

सोलापूरच्या एका भगिनीने कळवले आहे: दिवे गेले, मेणबत्ती कलंडली आणि सासूबाईंच्या जपून ठेवलेल्या चादरीवर मेण सांडले. दोनदा साबणाने धुतले, डाग तसाच. त्या परवा गावाहून येतील!

अहो, साबण कशाला झिजवता? बाजारची मेणबत्ती बहुधा मधमाशीच्या मेणाची नसते, खनिज तेलातल्या पॅराफिनची असते. हे नाव १८३० साली जर्मन रसायनतज्ज्ञ रायखेनबाख यांनी ठेवले. लॅटिनमध्ये ‘पारुम’ म्हणजे थोडे, ‘अफिनिस’ म्हणजे नात्यातले. कोणाशी सहसा सोयरीक न जुळणारे, पाण्याशी तर नाहीच! उष्णतेपुढे मात्र ते वितळते. बोथट सुरीने खरवडा, वरखाली टीपकागद ठेवून बेताची गरम इस्त्री फिरवा. मेण कागदात उतरेल तसा कागद बदला. वर्तमानपत्र नको हं, शाई उठते.