रूळ गेले, जमीन कुणाची?

मंडळी, शिकागोच्या पश्चिमेला इलिनॉय प्रेअरी पाथवर आपल्यापैकी बरेच जण रविवारी फिरायला जातात. हा रस्ता म्हणजे एकेकाळची विजेवर चालणारी शिकागो-ऑरोरा-एल्जिन रेल्वे. ३ जुलै १९५७ रोजी भर दुपारी तिच्या प्रवासी गाड्या बंद झाल्या; सकाळी कामावर गेलेली माणसे शहरातच अडकली.

हल्ली आपली मुले मेटल डिटेक्टर घेऊन अशा जुन्या मार्गांवर हिंडतात. पडद्यासमोरून उठली, हेही नसे थोडके! लाकडी स्लीपरात ठोकलेला साल-खिळा मिळाला आणि त्याच्या डोक्यावर २९ आकडा दिसला, तर तो १९२९ चा. स्लीपर किती वर्षे टिकतो याचा हिशेब कंपन्या असा ठेवीत.

पण रूळ उखडले म्हणजे जागा बेवारस झाली, हा समज आम्हाला धोक्याचा वाटतो. कित्येक मार्ग अजून रेल्वे कंपन्यांचे आहेत. काही १९८३ च्या कायद्याने, पुढेमागे गाडी सुरू करता यावी म्हणून राखलेले आहेत. केंद्र सरकारच्या जमिनीतून शंभर वर्षांपूर्वीचे अवशेष परवान्याशिवाय उकरणे तर १९७९ पासून गुन्हा आहे. ग्रीन कार्डाची वाट पाहणाऱ्या घराला हे लचांड कशाला?

आधी मालक शोधून लेखी परवानगी घ्यावी. पत्र मुलांनीच लिहावे, आईबाबांनी नव्हे. खड्डा बुजवावा. ज्यांना खिळे मिळाले आहेत त्यांनी ते गणपतीला हॉलवर जरूर आणावेत, कुठे मिळाले त्याच्या चिठ्ठीसकट.