शून्य कमिशनच्या योजनेचे नाव आपण घेतो का?

वडोदऱ्यात वासणा रोडच्या सोसायट्यांत निवृत्तांची घरे पुष्कळ आहेत. कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी, पूर्वीची आयपीसीएल, सयाजीराव विद्यापीठ, बँका यांत आयुष्य काढलेली ही माणसे. दांडिया बाजार, रावपुरा सोडून इकडे फ्लॅट घेतलेली मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड खात्यात जमा झाला की आपल्यापैकी कोणीतरी, विमा एजंट किंवा फंड वितरक, त्यांच्या दिवाणखान्यात बसलेला असतो. त्या तासाभरात आपण काय सांगतो, याविषयी या महिन्यात लिहायचे आहे.

समजा, घरात साठ लाख आले आहेत. नवरा-बायको दोघेही साठीच्या पुढचे, पेन्शन नाही, मुलगा परदेशात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून माणशी ३० लाख झाली आणि व्याज ८.२ टक्के. दोघांच्या नावे पैसे ठेवले तर दर तिमाहीला १ लाख २३ हजार रुपये हातात येतात. या सल्ल्याचे आपल्याला मिळतात शून्य रुपये. पूर्वी अर्धा टक्का मिळत असे. श्यामला गोपीनाथ समितीच्या अहवालानंतर १ डिसेंबर २०११ पासून तो बंद झाला, आणि त्याच दिवशी पीपीएफवरचा एक टक्काही गेला. त्याऐवजी यांतले ३० लाख म्युच्युअल फंडाच्या रेग्युलर प्लॅनमध्ये नेले आणि ट्रेल, म्हणजे दरवर्षी मिळत राहणारे कमिशन, पाऊण टक्का धरला, तर आपल्याला वर्षाला साडेबावीस हजार मिळतात. वर्षाला पाच लाख हप्त्याची ‘गॅरंटीड’ पॉलिसी दिली तर आकडा आणखी मोठा. विमा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांत पाच वर्षे हप्ता भरायच्या पॉलिसीवर पहिल्या हप्त्याचे १५ टक्के आणि बारा किंवा अधिक वर्षांच्या पॉलिसीवर ३५ टक्के ही कमिशनची मर्यादा होती. म्हणजे ७५ हजार किंवा पावणेदोन लाख. हप्त्याची मुदत जितकी लांब तितका आपला वाटा मोठा. साठी उलटलेल्या माणसाची सोय नेमकी उलट्या बाजूला. २०२३ मध्ये ही उत्पादनवार मर्यादाही काढली गेली आणि कमिशन कंपनीच्या एकूण खर्चमर्यादेत बसवले गेले.

कमिशनमुळे शिफारस बदलते का, असे विचारले की आपल्या क्षेत्रातले बहुतेक जण दुखावतात. माझे मत स्पष्ट आहे: बदलते. माणूस लबाड असावा लागत नाही. ज्या योजनेचे प्रशिक्षण मिळते, जिची पत्रके बॅगेत असतात, तीच आधी आठवते. आणि पत्रके छापली जातात ती कमिशन असलेल्या योजनांचीच.

पुरावा आपल्याच देशातला आहे. संतोष अनागोल, शॉन कोल आणि शायक सरकार यांनी भारतातल्या आयुर्विमा एजंटांकडे ग्राहक म्हणून माणसे पाठवून अभ्यास केला. बहुसंख्य एजंटांनी ग्राहकाला योग्य नसलेली, पण जास्त कमिशनची पॉलिसी सुचवली. ग्राहकाचा समज चुकीचा असला तरी तो दुरुस्त न करता त्याला धरूनच बोलले. मला त्यातले आणखी एक निरीक्षण जास्त टोचते. जुलै २०१० पासून यूलिपवरचे कमिशन ग्राहकाला सांगणे सक्तीचे झाले, तेव्हा एजंट यूलिपऐवजी अशा पॉलिसींकडे वळले जिथे कमिशन तितकेच घसघशीत होते आणि सांगायची सक्ती नव्हती.

म्युच्युअल फंडवाल्यांनी यावर विमावाल्यांकडे बोट दाखवू नये. २००६ ते २००८ या काळात बावीस महिने असे होते की क्लोज-एंडेड योजनांना सुरुवातीचा खर्च गुंतवणूकदाराच्या पैशांतून हळूहळू वळता करता येत होता, तर ओपन-एंडेड योजनांत एंट्री लोड उघड दिसत होता. आधीच्या ६६ महिन्यांत अशा दोनच क्लोज-एंडेड योजना आल्या होत्या. या बावीस महिन्यांत ४५ आल्या आणि ७६० कोटी डॉलर गोळा झाले. सवलत बंद होताच पुढचे वीस महिने एकही आली नाही. गुंतवणूकदारांची गरज बावीस महिन्यांपुरती जन्मली आणि मेली, असे कोण म्हणेल? त्या योजना घरोघर पोहोचवल्या त्या आपणच. सेबीने १ ऑगस्ट २००९ ला एंट्री लोड बंद केला, ऑक्टोबर २०१८ मध्ये अपफ्रंट कमिशन बंद करून फक्त ट्रेल ठेवला. तरीही लहान शहरांतून पैसे आणण्यासाठी दिलेला बी-३० चा जादा मोबदला गैरवापरामुळे मार्च २०२३ पासून थांबवावा लागला.

मग कमिशनच बंद करावे का? ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस गुंतवणुकीच्या सल्ल्यावरचे कमिशन बंद केले. सल्ल्याचा दर्जा सुधारला, पण थोडी पुंजी असलेल्यांना सल्लागार मिळणे अवघड झाले. आपल्याकडे फी घेणारे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार देशभरात हजाराच्या घरात आहेत, तर एआरएनधारक म्युच्युअल फंड वितरक लाखाहून अधिक. दरमहा दोन हजारांची एसआयपी करणारी शिक्षिका फी देऊ शकणार नाही. तिच्याकडे वेळ काढून जाणारा, बाजार कोसळला तेव्हा तिला थांबवून धरणारा वितरक ट्रेलवरच जगतो, आणि त्या कामाचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. म्हणून सरसकट बंदी मला पटत नाही.

पण मग आपल्यावर एक काम येते. निवृत्ताच्या घरी जाताना एक कागद न्यावा. त्यावर त्यांच्यासाठी शक्य असलेले सगळे पर्याय असावेत आणि प्रत्येकासमोर आपल्याला रुपयांत किती मिळणार ते लिहिलेले असावे. जिथे शून्य आहे ते पर्याय सर्वांत वर असावेत. टक्क्यांत लिहू नये. साठीच्या माणसाला पाऊण टक्का क्षुल्लक वाटतो, साडेबावीस हजार वाटत नाहीत. त्यांनी तरीही आपली योजना निवडली, तर ती का योग्य आहे ते त्याच कागदावर दोन ओळींत लिहून सही करावी. महागाईपुढे व्याज अपुरे पडेल म्हणून थोडा भाग इक्विटीत हवा, हे प्रामाणिक कारण आहे. ते लिहून देता येते. लिहून देता येत नाही अशी शिफारस करू नये.

म्युच्युअल फंडात वितरकाला मिळालेले कमिशन २०१६ पासून सहामाही खातेविवरणात रुपयांत छापले जाते. त्यामुळे आपला धंदा बुडाला नाही. विम्याच्या प्रत्येक पॉलिसीवर, प्रत्येक हप्त्याच्या पावतीवर हाच आकडा छापला जावा, ही मागणी विमा प्राधिकरणाकडे आपणच, एजंटांच्या आणि वितरकांच्या संघटनांनी, लेखी करायला हवी. वासणा रोडवर काम करणाऱ्यांनी नियमाची वाट पाहू नये. तो आकडा आजपासून हाताने लिहिता येतो.