पाखरांच्या लाडवात चरबी कशाला?



डिसेंबरात मी लेकीकडे इंग्लंडमध्ये, लेस्टरला होते. तिच्या परसातल्या झाडाला जाळीच्या पिशवीत लाडवांसारखे गोळे टांगलेले. रॉबिन आणि छोटे निळे टिट त्यावर तुटून पडायचे. बघून फार बरं वाटायचं. एक दिवस रिकामं पाकीट हाती आलं. आपण बिस्किटाचा पुडासुद्धा वाचल्याशिवाय घेत नाही, त्या सवयीने घटक वाचले, तर पहिलीच गाईची चरबी!

लेकीने कपाळाला हात लावला. जावई म्हणाले, "आई, तो पक्षी अळ्या-किडे खातोच. त्याला काय फरक पडतो?"

त्याला काहीच पडत नाही, मान्य. त्याने कुठे अणुव्रतं घेतलीत! पण मी कॉमर्सवाली, खातं कुणाचं ते आधी बघते. त्याने पकडलेली अळी त्याच्या खात्यात. हा गोळा आपल्या पैशाने आलेला, म्हणजे कत्तलखान्याला दिलेला पैसा आपल्या नावावर. जीवदयेची जमा आणि हा खर्च एकाच पानावर मला नाही पटत. असे गोळे आपण घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग खाऊ घालणंच बंद करायचं का? तेही नको. तिकडे डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. दहा-अकरा ग्रॅमचा निळा टिट सोळा तास उपाशी, तोही त्या गारठ्यात. आपला रात्रिभोजन त्याग त्यापुढे काहीच नाही. त्याला स्निग्ध हवंच.

खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतं. म्हणून एक वाटी वितळलेलं खोबरेल, दोन वाट्या कोरडं: दाण्याचं जाडसर कूट, सोललेल्या सूर्यफुलाच्या बिया, कच्चे ओट्स. करवंटीत दाबून, गोठवून टांगायचं. थंडी असेपर्यंतच हं, उन्हात वितळून पिसांना चिकटतं. मी पहिल्यांदा खारे दाणेच कुटायला घेतले होते, लेकीने हात धरला. मीठ पाखरांना विष. सुक्या खोबऱ्याचा कीसही नको, तो पोटात जाऊन फुगतो. दुधाची वाटी तर ठेवूच नका, पक्ष्यांना दूध पचत नाही.

आणि भांडी! तिकडे ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यांत 2005 पासून घशाच्या रोगाची साथ आली, त्यांची संख्या फार घटली. घाणेरड्या फीडरवरून तो पसरतो. दाणे टाकून पुण्य मोजत बसायचं आणि खालचं कुजकं तसंच ठेवायचं, याला यत्नाचार म्हणत नाहीत. दर आठवड्याला घासून, पूर्ण वाळवून मगच पुन्हा भरा. उरलेलं झाडून टाका, नाहीतर उंदीर येतात.

आता हे काम जावयांनीच अंगावर घेतलंय. पहिली करवंटी मात्र खारीने पळवली, दोरीसकट.