शाळा कोणी निवडायची?

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यातला एखादा लहान मुलगा फी न भरता मोठ्या इंग्रजी शाळेत जातो, हे तुम्ही पाहिले असेल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांना सुरुवातीच्या वर्गातील २५ टक्के जागा गरीब व वंचित मुलांना द्याव्या लागतात. (अल्पसंख्याक शाळा यातून वगळल्या आहेत.) या मुलांच्या फीचे पैसे सरकार शाळेला देते. अर्ज जास्त आले, की सोडत निघते.

पालकांना हा हक्क मिळाला, हे मला मनापासून आवडते. पैसेवाल्यांनीच शाळा निवडावी, हा कुठला न्याय? पण सोडतीत नाव निघाले तरच निवड, नाही तर नाही! शिवाय ही सवलत आठवीपर्यंतच. नववीत पूर्ण फी मागितली, तर रिक्षा चालवणारे अब्बा काय करणार? मुलाला उर्दू शाळेत आणावे, तर त्याला उर्दू वाचता येत नाही. ते मूल ना इकडचे, ना तिकडचे. म्हणून ही सवलत दहावीपर्यंत हवी. आणि आपल्याच शाळेत चांगली प्रयोगशाळा आली, इंग्रजीचे पुरेसे शिक्षक आले, तर किती अम्मी-अब्बा सोडतीची वाट पाहत बसतील?