प्रश्न त्या क्षणाचा

भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 नुसार, कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चुकीचे वा बेकायदा आहे, हे समजण्यास जो असमर्थ होता, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. 1 जुलै 2024 पूर्वी हेच दंड संहितेचे कलम 84 होते. कसोटीचे मूळ 1843 मधल्या इंग्लंडच्या मॅकनॉटन खटल्यात आहे. दरम्यान मानसोपचारशास्त्र कुठल्या कुठे गेले. कसोटी मात्र ‘कळत होते का’ एवढेच विचारते. कळूनही ज्याला स्वतःला आवरता येत नाही, त्याला तिथे जागा नाही, आणि ही त्रुटी मोठी आहे.

निदानाचा कागद दाखवून सुटका होत नाही. प्रश्न घटनेच्या क्षणाचा असतो आणि त्या क्षणी समज नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. तपासणी पुष्कळदा नंतर होते, म्हणून न्यायालय घटनेच्या आगेमागचे पाहते. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने 1994 मध्ये वाटणाच्या दगडाने पत्नीचा खून केला. वडिलांना मनोविकार, त्याच्यावरही आधीपासून उपचार चालू. दिवसाढवळ्या खून करून तो पळाला नाही, काही लपवलेही नाही. हेतू काय, तर नोकरी सोडायला पत्नीचा विरोध! घटनेनंतर 27 जून ते 5 डिसेंबर या काळात त्याला 25 वेळा रुग्णालयात न्यावे लागले. खालच्या न्यायालयांनी दोषी ठरवलेल्या या शिपायाला सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये निर्दोष सोडले. एवढा पुरावा जमतो तो घरचे आणि दवाखाना दोन्ही हाताशी असतात तेव्हा. रस्त्यावर भटकणाऱ्या, एकदाही डॉक्टरांपर्यंत न पोचलेल्या रुग्णाकडे यातले काय असणार?

निर्दोष ठरला म्हणजे घरी गेला, असेही नाही. कृत्य त्यानेच केल्याचे निकालात नमूद असेल, तर त्याला सुरक्षित ताब्यात ठेवले जाते किंवा हमी घेऊन नातेवाइकांकडे सोपवले जाते. हमीदार न मिळाल्यास ताबा किती लांबेल, याला ठरलेली मुदत नसते.

शिक्षेनंतर जडलेल्या आजाराचा विचार वेगळा. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनोविकार हे फाशी रद्द करून जन्मठेप देण्याचे कारण मानले. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्या एका कैद्याची फाशी याच आधारावर टळली. मात्र त्यासाठी आजार तीव्र असावा लागतो. त्या कैद्याचे नाव निकालात ‘आरोपी एक्स’ असे झाकलेले आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे.