प्रभागरचना बंद दाराआड नको

मुंबई महापालिकेची सदस्यसंख्या 227 वरून 236 करण्याचा निर्णय 2021 मध्ये झाला. राज्यातील सत्तांतरानंतर 2022 मध्ये ती पुन्हा 227 वर आली. मधल्या काळात नवी जनगणना झालेली नव्हती. बदलले होते ते सरकार!

सदस्यसंख्या बदलली की प्रभागांच्या हद्दीही नव्याने आखल्या जातात. प्रभागाची हद्द सरकली की वस्ती दुभंगते, मतांचे गणित फिरते आणि पाणी-गटाराची तक्रार कोणाकडे न्यायची, हेही बदलते. पुण्यात 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडले जातात. इतक्या मोठ्या बहुसदस्यीय प्रभागांत एकमेकांकडे बोट दाखवणे सोपे होते.

म्हणूनच प्रारूप रचना जाहीर होताच नागरिकांनी नकाशा तपासावा. नाला, महामार्ग किंवा रेल्वेमार्ग ओलांडून सलग वस्ती तोडली असेल, तर मुदतीत लेखी हरकत नोंदवावी, सुनावणीला हजर राहावे. प्रशासनानेही प्रत्येक हरकतीवरील निर्णयाची कारणे जाहीर केलीच पाहिजेत.